कातळाखालचा कर्बवायू आणि विहिरींची नोंदवही

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा शिरूर-दौंडचा टापू पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कालव्याचे पाणी पोचते तेथे ऊस, पोचत नाही तेथे ज्वारी-बाजरी, आणि दोन्हीकडे अखेरची भिस्त विहिरीवर, असे या भागातील शेतीचे स्वरूप आहे. विहीर खोदताना लागणारे थर येथील शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि शेवटी सुरुंगालाही सहजी दाद न देणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. गेल्या दोन दशकांत जगभरच्या भूशास्त्रज्ञांचे लक्ष या खडकाकडे एका वेगळ्याच कारणासाठी वेधले गेले आहे. कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, या खडकात कायमचा कोंडता येईल काय, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्रात आजवर व्यापारी प्रमाणावर असा वायू भूगर्भात साठविण्यात आलेला नाही. मात्र देशाच्या धोरणविषयक कागदपत्रांत दख्खनच्या बेसॉल्टचा उल्लेख वारंवार येऊ लागला आहे. अशा वेळी वायू जमिनीत घालता येतो की नाही, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. घातलेला वायू तेथेच राहिला, हे जमिनीवरील माणसाला कळणार कसे? आणि ज्याची विहीर त्याच कातळात आहे, त्याला त्याची खात्री कोण देणार?

वायू पुरण्याची कल्पना

कर्बवायू हा हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि कोंदट खोलगट जागी साचतो. धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडण्याची आपल्याकडील पद्धत याच अनुभवातून आली. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. वायूवर पाळत ठेवण्याचे हे बहुधा सर्वांत साधे साधन म्हणता येईल.

आधुनिक साठवणुकीत हा वायू कारखान्याच्या उत्सर्जनातून वेगळा काढून दाबाखाली खोल खडकात सोडला जातो. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पट झाला, की तो द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली साधारणपणे ८०० मीटर खोलीवर ही स्थिती येते. पृष्ठभागावर हजार घनमीटर जागा व्यापणारा वायू तेथे तीन-चार घनमीटरांत मावतो. गाळाच्या सच्छिद्र वालुकाश्मात हा दाट वायू साठवायचा आणि वर अभेद्य पंकाश्माचे झाकण असेल अशी जागा निवडायची, ही जगात रूढ झालेली पद्धत आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीने २००५ च्या आपल्या विशेष अहवालात असे म्हटले, की जागा काळजीपूर्वक निवडली आणि तिची व्यवस्था नीट ठेवली, तर हजार वर्षांनंतरही ९९ टक्क्यांहून अधिक वायू आतच राहण्याची शक्यता आहे. या विधानातील ‘व्यवस्था नीट ठेवली तर’ ही अट महत्त्वाची आहे. पाळत ठेवण्याचे सारे शास्त्र त्या अटीतून निर्माण झाले.

बेसॉल्टची गोष्ट निराळी आहे. या खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांचे प्रमाण भरपूर असते. पाण्यात विरघळलेल्या कर्बवायूचे सौम्य आम्ल बनते, ते खडकातील ही मूलद्रव्ये विरघळविते आणि पुढे त्यांच्याशी संयोग पावून कार्बोनेट खनिजे, म्हणजे एका अर्थी चुनखडीचे भाऊबंद, तयार होतात. वायूचा दगड झाला की गळतीचा प्रश्न उरत नाही. निसर्गाने हे काम पूर्वीच करून ठेवले आहे. पुण्याहून शिरूरकडे जाताना लागणारे वाघोली हे गाव कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना परिचित आहे. पुणे परिसरातील खाणींत कातळाच्या पोकळ्यांतून जी पांढरी खनिजे सापडतात, त्यांत झिओलाइटांच्या बरोबरीने कॅल्साइट, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट असते. पोकळीत मुरलेल्या पाण्यातील कर्ब तेथे स्फटिकरूपाने स्थिरावलेला आहे.

शिरूर-दौंडचा कातळ

दख्खनचा हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साकारला. आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा एकदाच वाहिला नाही; प्रवाहामागून प्रवाह येत गेले आणि थरावर थर साचले. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, तर माथ्याचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि मोडका असतो. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पातळ थर आढळतो. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या तीरावरील पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीने कातळात जे रांजणखळगे कोरले आहेत, ते पाहताना या पाषाणाचा घट्टपणा आणि पाण्यापुढे त्याने केलेली तडजोड एकाच वेळी दिसते.

या थरांची एकूण जाडी पश्चिमेकडे अधिक आणि पूर्वेकडे कमी होत जाते. कोयना परिसरातील गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर भरली आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. याउलट किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवरच बेसॉल्ट संपला. शिरूर आणि दौंड या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येतात. द्रवासारख्या दाट वायूला ८०० मीटरची खोली लागते, हे लक्षात घेता कोणत्याही गावी असा विचार करण्यापूर्वी तेथे खोल छिद्र घेऊन कातळाची खरी जाडी मोजणे अपरिहार्य ठरते. नकाशावरून अंदाज बांधणे पुरेसे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. विहिरीला पाणी लागते ते प्रवाहांच्या माथ्यावरील सच्छिद्र थरात आणि भेगांमध्ये. वायू साठवायचा तोही खोलवरच्या तशाच थरांत. दोहोंच्या मध्ये शेकडो मीटर घट्ट कातळ असला, तरी उभ्या भेगा, अग्निजन्य भित्ती आणि जुन्या विंधण विहिरी हे या कातळातील संभाव्य जिने आहेत. पाळत ठेवायची ती प्रामुख्याने या जिन्यांवर.

जमिनीच्या पोटातले दिसते कसे

भूगर्भातील साठ्यावर नजर ठेवण्याच्या तंत्रांचा पाया नॉर्वेने घातला. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर या वायुक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन कर्बवायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडण्यात येऊ लागला. त्याआधी, म्हणजे १९९४ मध्येच, त्या जागेचे भूकंपलहरींच्या साह्याने त्रिमिती चित्र घेऊन ठेवलेले होते. कृत्रिम स्फोटाने किंवा धक्क्याने लहरी निर्माण करायच्या, थरांवर आदळून परतणाऱ्या लहरी टिपायच्या आणि त्यांवरून आतील रचना उभी करायची, अशी ही पद्धत. खडकाच्या छिद्रांतील खारे पाणी हटून तेथे वायू आला की लहरींचा वेग घटतो. १९९९ मध्ये तेच सर्वेक्षण पुन्हा केले, तेव्हा वायू नऊ थरांत पसरलेला स्पष्ट दिसला. मधले मीटरभर जाडीचे पंकाश्माचे पापुद्रे त्याला रोखून धरत होते. आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवल्यामुळेच हे उमगले. केवळ नंतरचे चित्र असते, तर वायू कोणता आणि मूळचा खडक कोणता, हे सांगणे कठीण गेले असते.

दुसरे साधन गुरुत्वमापनाचे. खाऱ्या पाण्याची जागा हलक्या वायूने घेतली की त्या जागी गुरुत्वाकर्षण किंचित कमी होते. हा फरक एकूण गुरुत्वाच्या अब्जांशांमध्ये मोजावा लागतो. स्लाइप्नरच्या समुद्रतळावर २००२ पासून ठराविक अंतराने अशी मापने घेण्यात आली.

तिसरे साधन विजेचे, आणि ते आपल्याकडे अधिक परिचयाचे आहे. विहिरीची जागा ठरविताना पाणाड्याबरोबरच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकालाही बोलावण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात रुळली आहे. तो जमिनीत चार सळ्या रोवून त्यांतील दोहोंमधून वीजप्रवाह सोडतो आणि उरलेल्या दोहोंवर विद्युतदाब मोजून खडकाचा विद्युतरोध काढतो. ओला, भेगाळलेला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा पाषाण अडवितो. हेच तत्त्व जर्मनीत बर्लिनच्या पश्चिमेकडील केट्झिन येथे वापरण्यात आले. तेथे २००८ ते २०१३ या काळात सुमारे ६७ हजार टन वायू साठविला गेला. तीन खोल विहिरींच्या बाहेरील अंगाला मिळून ४५ विद्युतअग्रे कायमची बसविली होती. वायू पसरेल तसा खाऱ्या पाण्याने भरलेल्या खडकाचा विद्युतरोध वाढत गेला आणि वायूची हालचाल टिपता आली.

चौथे साधन आकाशातले. अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ ते २०११ दरम्यान सुमारे ३८ लाख टन वायू जवळजवळ दोन किलोमीटर खोल सोडण्यात आला. दाबामुळे वरचे वाळवंट वर्षाला काही मिलिमीटर उचलले जात असल्याचे उपग्रहावरील रडारने दाखवून दिले. एका विहिरीभोवती हा उंचवटा दोन ओळींत विभागलेला दिसला. आत खोलवर भेग उघडत असल्याची ती खूण होती. पुढे वायू सोडणे थांबविण्यात आले. भारत आणि अमेरिका यांचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून रडारचा झोत टाकतो. मात्र इन सालाह हे उघडे वाळवंट होते. दौंडची शिवारे उसाने भरलेली असतात. उंच, हलत्या पिकावरून परतणारा रडारचा संकेत विस्कटतो. निसारवरील दीर्घ तरंगलांबीचा पट्टा पिकातून अधिक आत जातो हे खरे, तरीही अशा मुलखात इमारती, पूल आणि उघडा कातळ यांचाच आधार घ्यावा लागेल.

बेसॉल्टची अडचण

ही सर्व साधने प्रामुख्याने गाळाच्या खडकांत सिद्ध झालेली आहेत. बेसॉल्टमध्ये त्यांची धार बोथट होते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घट्ट आणि सच्छिद्र थरांची एकावर एक उतरंड असल्याने भूकंपलहरी प्रत्येक थरावर विखुरतात. कच्छ आणि सौराष्ट्रात बेसॉल्टखालचे तेलसाठे शोधणाऱ्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक आहे. शिवाय कठीण खडकात पाण्याऐवजी वायू आल्याने लहरींच्या वेगात पडणारा फरक मऊ वालुकाश्माइतका ठळक नसतो. वायू पाण्यात विरघळवून सोडला तर वेगळा वायू म्हणून तो उरतच नाही, आणि एकदा त्याचे खनिज झाले की त्याला खडकापासून वेगळे ओळखणे लहरींना आणखी अवघड जाते. बेसॉल्टमधील साठवण जितकी यशस्वी, तितकी ती दुरून दिसणे कठीण, अशी ही चमत्कारिक परिस्थिती आहे.

म्हणून आइसलँडमध्ये निराळा मार्ग निवडला गेला. रेक्याविकजवळील हेलिशेदी भूऔष्णिक केंद्राच्या परिसरात ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने २०१२ मध्ये सुमारे अडीचशे टन वायू पाण्यात विरघळवून सुमारे ५०० मीटर खोल बेसॉल्टमध्ये सोडला. सोबत दोन प्रकारच्या खुणा मिसळल्या होत्या. एक, किरणोत्सारी कर्ब-१४, जो कर्बवायूबरोबरच राहतो. दुसरी, कशाशीही संयोग न पावणारा सल्फर हेक्साफ्लोराइड वायू. सुमारे ७० मीटर अंतरावरील निरीक्षण विहिरीत निष्क्रिय खूण अपेक्षेप्रमाणे पोचली. कर्ब-१४ मात्र अपेक्षेच्या मानाने जवळजवळ आलाच नाही. पाणी पुढे आले आणि कर्ब वाटेत दगडात अडकला, असा त्याचा अर्थ होता. विहिरीतील पंप बिघडला म्हणून वर काढला, तर तो कॅल्साइटने माखलेला निघाला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिजात रूपांतर झाले, हा निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या प्रयोगात निर्णायक पुरावा दिला तो विहिरीतून काढलेल्या पाण्याच्या नमुन्यांनी.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वॉलुला येथे २०१३ च्या उन्हाळ्यात ९७७ टन दाट वायू पाणी न मिसळता ८२८ ते ८८७ मीटर खोलीवरील लाव्हाप्रवाहांच्या माथ्यांत सोडण्यात आला. दोन वर्षांनी विहिरीच्या भिंतीतून खडकाचे नमुने काढले, तेव्हा पोकळ्यांत अँकेराइट या कार्बोनेट खनिजाच्या गाठी सापडल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सोडलेल्या वायूपैकी सुमारे ६० टक्के वायूचे दोन वर्षांत खनिज झाल्याचा अंदाज वर्तविला. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातील हा कातळ दख्खनच्या कातळाप्रमाणेच थरांथरांचा असल्याने आपल्या दृष्टीने हे उदाहरण अधिक जवळचे आहे.

उसाचा वायू आणि पाण्याचा हिशेब

शिरूर-दौंडच्या बाबतीत वायू येणार कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. या पट्ट्यात साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आहेत, तसेच कुरकुंभ आणि रांजणगाव या औद्योगिक वसाहती आहेत. मळी किंवा उसाचा रस आंबवून इथेनॉल तयार करताना निघणारा कर्बवायू जवळजवळ शुद्ध असतो. बॉयलरच्या धुरातून वायू वेगळा करण्यावर जो मोठा खर्च येतो, तो येथे वाचतो. ऊस हा कर्ब हवेतूनच घेत असल्यामुळे तो जमिनीत कोंडणे म्हणजे हवेतील कर्ब प्रत्यक्ष कमी करणे होय. आंबविण्याच्या क्रियेत एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू निघतो. म्हणजे दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणाऱ्या आसवनीतून सुमारे ७५ टन वायू बाहेर पडेल.

आइसलँडच्या पद्धतीने तो पुरायचा, तर टनामागे सुमारे २५ टन पाणी लागते. ७५ टनांसाठी रोजचे १,८७५ टन, म्हणजे १८ लाख ७५ हजार लिटर पाणी झाले. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे जलजीवन मोहिमेचे प्रमाण धरले, तर सुमारे ३४ हजार लोकांची ही रोजची गरज होते. त्याच थरातून पाणी उपसून त्याच थरात परत सोडता येते, हे आइसलँडच्या अनुभवावरून खरे आहे. तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या परिसरात हा हिशेब उघडपणे मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वॉलुलाच्या पद्धतीत पाण्याची गरज नाही. परंतु तिला पुरेशी खोली आणि वर घट्ट कातळाचे निर्दोष झाकण लागते. एका पद्धतीत पाण्याची किंमत मोजावी लागते, तर दुसऱ्या पद्धतीत पाळतीची जबाबदारी वाढते.

राष्ट्रीय पातळीवरील आकडे मोठे आहेत. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात देशातील बेसॉल्टची सैद्धांतिक साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन धरलेली आहे. २०२३ मध्ये देशाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३ अब्ज टन होते, हे पाहता ही क्षमता प्रचंड वाटते. पण किमान आणि कमाल अंदाजांत तिपटीहून अधिक अंतर आहे. हे अंतर कागदावर मिटणार नाही. त्यासाठी छिद्रे घ्यावी लागतील. मुंबईच्या आयआयटीमध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साह्याने यासाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन झाले आहे, आणि कऱ्हाड येथील भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेकडे कोयनेच्या खोल छिद्रांचा अनुभव आहे. म्हणजे ज्ञानाची सामग्री राज्यातच उपलब्ध आहे.

धक्क्यांचा प्रश्न

कातळात दाबाखाली द्रव सोडल्याने भूकंप होतील काय, ही शंका महाराष्ट्रात निघणे स्वाभाविक आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयातील पाण्याच्या भाराने आणि खोल भेगांत मुरलेल्या दाबाने चालना मिळालेल्या भूकंपांचे ते जगातील ठळक उदाहरण मानले जाते. हेलिशेदी येथेही भूऔष्णिक केंद्राचे वापरलेले पाणी परत जमिनीत सोडताना २०११ मध्ये आसपासच्या वस्तीला जाणवतील असे धक्के बसले होते. म्हणून संवेदनशील भूकंपमापकांचे जाळे वायू सोडण्यापूर्वी किमान वर्षभर तरी त्या जागी असले पाहिजे. नैसर्गिक हादरे, खाणींतील सुरुंग आणि रेल्वेची कंपने यांची ओळख आधी पटली, तरच नंतरचा वेगळा धक्का ओळखता येईल. दौंडसारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनच्या परिसरात ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

तक्रार येते तेव्हा

पाळतीची खरी कसोटी तक्रारीच्या दिवशी लागते. कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रात २००० पासून कर्बवायू सोडला जात होता. जानेवारी २०११ मध्ये तेथील एका शेतकरी दांपत्याने आपल्या जमिनीत आणि तळ्यात तो वायू वर येत असल्याचा दावा केला. बातमी जगभर गेली. नंतरच्या तपासात संशोधकांनी मातीतील वायूंचे प्रमाण तपासले. पिकांची मुळे आणि जिवाणू श्वसनातून कर्बवायू सोडतात, तेव्हा मातीतील प्राणवायू त्या प्रमाणात घटतो. खोलातून वायू वर येत असेल, तर तो प्राणवायू आणि नत्रवायू या दोहोंना हटवितो. या नात्यावरून आणि कर्बाच्या समस्थानिकांवरून तो वायू मातीतलाच असल्याचा निष्कर्ष निघाला. शेणखत आणि पाटपाणी मिळणाऱ्या उसाच्या जमिनीतही ऋतूनुसार कर्बवायूचे प्रमाण खूप वरखाली होते. आधीच्या नोंदी नसतील, तर उद्या असा दावा झाल्यास तो सिद्ध करणे शेतकऱ्याला जमणार नाही आणि खोडून काढणे कंपनीलाही जमणार नाही.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल करताना निघणारा सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात दोन किलोमीटरहून अधिक खोल वालुकाश्मात सोडण्यात आला. पुढे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. २०२४ मध्ये तेथे वायूयुक्त द्रव परवानगी नसलेल्या थरात शिरल्याचे उघडकीस आले, आणि वाट होती ती एका निरीक्षण विहिरीतील गंजलेल्या पोलादाची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये वायू सोडणे थांबविण्यात आले. पाळतीसाठी घेतलेली विहीरच गळतीचा जिना ठरली. पाळतीवरही पाळत लागते, हा धडा त्यातून मिळतो.

वाहतुकीतील धोकाही विसरता येत नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सटार्शिया या गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी पावसाने खचलेल्या जमिनीमुळे कर्बवायूची वाहिनी फुटली. सुमारे २०० लोकांना घरे सोडावी लागली आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. जड वायू सखल भागात साचतो, या जुन्याच नियमाचा तो प्रत्यय होता.

पहिली नोंद वायूच्या आधी

वरील सर्व उदाहरणांतून एकच सूत्र हाती लागते. पाळत ही वायू सोडल्यानंतर सुरू करावयाची गोष्ट नाही. स्लाइप्नरचे १९९४ चे चित्र नसते, तर १९९९ च्या चित्राला अर्थ नव्हता. बेसॉल्टमध्ये तर दुरून पाहणारी साधने दुबळी असल्याने विहिरीच्या पाण्याची नोंद हाच मुख्य पुरावा ठरतो. खोलातला वायू वर आलाच, तर पाण्याची आम्लता वाढेल, जडपणा वाढेल, लोह आणि मँगेनीज यांचे प्रमाण बदलेल. हा बदल बदल म्हणून ओळखण्यासाठी आधीच्या काही वर्षांचे उन्हाळे आणि पावसाळे नोंदविलेले असले पाहिजेत.

या बाबतीत महाराष्ट्राची पाटी कोरी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे. २०१४ पासून अमलात आलेल्या २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण दिले. हा कायदा पाणी उपसण्याचा विचार करून घडविला गेला. कातळात काही सोडण्याचा विचार त्याच्या मुळाशी नव्हता. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यानंतर साधारणपणे किमान २० वर्षे जबाबदारी चालकाकडे राहते, तर अमेरिकेच्या नियमांत ५० वर्षांची देखरेख हे मूळ प्रमाण आहे. कारखान्यांची मालकी बदलते, संचालक मंडळे बदलतात, गाळपाचे हंगाम बरे-वाईट जातात. पन्नास वर्षांची जबाबदारी कोणाच्या नावावर असेल, याचे उत्तर पहिले छिद्र घेण्यापूर्वीच कागदावर आले पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. गावातील ठरावीक विहिरी आणि विंधण विहिरी निवडाव्यात; त्यांची पातळी, आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला कर्ब आणि त्याची समस्थानिके दर ऋतूत मोजावीत; जुन्या, वापरात नसलेल्या विंधण विहिरींची यादी करून त्या बुजवाव्यात; आणि या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. वायू कधीच आला नाही, तरी ही नोंदवही वाया जाणार नाही. पाणी किती उरले आणि ते कसे बदलत आहे, हे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला तसेही हवेच आहे. आणि वायू आलाच, तर कंपनीच्या अहवालाशेजारी ठेवायला गावाकडे स्वतःचे आकडे असतील.